लाल किल्ला आपल्या गल्लीत नाही

महाल, नागपूर

चि. …स अनेक आशीर्वाद.

15 ऑगस्टच्या बिल्ल्यांची तुझी तिन्ही चित्रे पाहिली. मंडळाला लाल किल्ला हवा आहे, देणगीदाराला तिरंग्याच्या पांढऱ्या पट्टीवर आपल्या दुकानाचे नाव हवे आहे, आणि तुला स्वतःला काय हवे आहे हे तुझ्या चार पानी पत्रातूनही मला उमगले नाही. देणगीदाराचा प्रश्न सोपा आहे. ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वजावर कोणतीही अक्षरे चालत नाहीत. त्यांचे नाव पाकिटावर छाप.

उरला लाल किल्ला. तो काढू नकोस. जे चित्र दुसऱ्या कोणत्याही गावात तसेच्या तसे खपेल, ते आपल्या वस्तीचे नव्हे.

1997 साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात, मीच तो काढला होता. टिनचे 500 बिल्ले निघाले. सकाळी झेंडावंदनाला ते छातीछातीवर होते आणि संध्याकाळी मैदानाच्या चिखलातून त्यांतले कितीतरी मी स्वतः वेचले. लोकांना अभिमानच नाही, असे पुढे कित्येक वर्षे मी सांगत फिरलो. वास्तविक त्यांनी जपून ठेवावे असे मी काही दिलेच नव्हते. मंडळाने घाई केली हे खरे, पण ब्रश माझ्याच हातात होता. दुसऱ्या वर्षी मी आमच्या गल्लीतल्या विहिरीचा रहाट काढून नेला, तो नाकारला गेला आणि मी मंडळ सोडले. त्याला लोक हेकेखोरपणा म्हणतात, म्हणोत. आजही मी रहाटच काढीन.

1923 साली मे ते ऑगस्ट याच शहरात झेंडा सत्याग्रह चालला. चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या वस्तीकडे, निघालेले स्वयंसेवक अटक करवून घेत होते, आणि जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व हाती घेतले. जिथे झेंडा घेऊन रस्त्याने चालणे हाच गुन्हा ठरला, तिथल्या मुलीने दिल्लीची तटबंदी गिरवत बसावे, याचा मला खरोखर राग येतो. म्हणून आता पटेलांचे चित्र काढायला धावू नकोस. तुमच्या वस्तीतून त्या वेळी कोणी गेले होते का, हे आधी म्हाताऱ्यांना विचार. कोणी गेले नसेल, तर तुमचा पिंपळ, तुमची पिठाची गिरणी, तुमच्या शाळेची घंटा काढ. दुसऱ्या गावात चालेल ते नको, हे मी पुन्हा सांगतो, कारण तिन्ही चित्रांत तू तेच केले आहेस.

लोक बिल्ले जपतील का, ही तुझी शंका मात्र नागपूरकराला शोभत नाही. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे मुलांच्या पोळ्याचे, लाकडी बैल आपल्याकडे आजोबांकडून नातवाकडे येतात, दर वर्षी त्यांच्यावर नवा रंग चढतो, आणि ते जपणाऱ्या कोणालाही आपण संग्राहक आहोत असे वाटत नाही. बिल्लाही तसाच घरात मुरू दे: दर वर्षी वस्तीतली एक नवी खूण, खाली साल, मागे तुझे नाव. प्रती 1000 की 100, असे तू विचारतेस. घरे मोज आणि घरटी एकच काढ. नंतर मागायला येणाऱ्याला, मग तो देणगीदार का असेना, नाही म्हण.

शनिवारी मूर्तिकारांच्या चितार ओळीत ये, मूर्तींचे रंगकाम सुरू झाले आहे. तोवर सोबतचा बिल्ला टेबलावर ठेव. 1997 चाच आहे. पिनेवर अजून गंज आहे.

तुझा,
काका