भागाकार सोपा, छेद अवघड

पुरंदरच्या गवताळ माळाची जलवापर कार्यक्षमता मोडिसवरून (उपग्रहावरचं एक उपकरण) काढली. ती पावसाळ्यापेक्षा मे महिन्यात जास्त येते, आणि तेव्हा तर गवत वाळलेलं असतं! (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे)

जलवापर कार्यक्षमता म्हणजे एक भागाकार: वर वनस्पतींनी हवेतून घेतलेला कार्बन, खाली माती आणि पानं मिळून उडालेलं पाणी. मे महिन्यात दोन्ही आकडे शून्याजवळ असतात, त्यामुळे छेद जरा हलला की उत्तर उसळतं. मोडिसचे आकडे आठ-आठ दिवसांचे मिळतात; त्या प्रत्येकाच्या भागाकारांची सरासरी काढू नका. आधी हंगामभराचा कार्बन आणि पाणी यांच्या वेगळ्या बेरजा करा, मग भागा. समजा, चौरस मीटरला ६०० ग्रॅम कार्बन आणि ५०० मिलिमीटर पाणी आलं. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ किलो, म्हणजे उत्तर किलोमागे १.२ ग्रॅम. मोडिसच्या कच्च्या आकड्यांना खऱ्या एककांत आणणारे गुणक लावलेत ना? कार्बनला ०.०००१ (तोही किलोत), पाण्याला ०.१. मी एकदा विसरलो होतो. नकाशा मात्र फार सुरेख आला होता.

दुसरी गोम अशी की मोडिसचं कार्बनचं गणित दुष्काळ हवेच्या कोरडेपणावरून ओळखतं. मातीतली ओल त्यात धरलेलीच नाही. कोरडवाहू भागात अंश फुगतो तो इथेच.

सासवडजवळ माझी तीन एकर सीताफळाची बाग आहे. तिचा हिशोब निघेल का?

मोडिसवरून नाही. त्याचा ‘५०० मीटर’चा चौकोन प्रत्यक्षात ४६३ मीटरचा, म्हणजे सुमारे ५३ एकरांचा. त्यात तुमची बाग, शेजारचं पडीक, रस्ता, सगळं एकत्र. सेंटिनेल-२ हा उपग्रह हिरवाई १० मीटरवर दाखवतो, पण उष्णता मोजत नाही. लँडसॅट-८ मोजतो, तीही १०० मीटरवर, म्हणजे अडीच एकराला एक आकडा.

उसाचा जलवापर कार्यक्षमतेचा आकडा चांगला दिसतो. मग बारामती-इंदापूरकडे ऊसच बरा?

नाही. गुणोत्तर चांगलं असलं तरी एकूण पाणी प्रचंड लागतं, आणि ते या पर्जन्यछायेत पडत नाही.

‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात. आमच्या रब्बी ज्वारीत उपग्रहाला ते दिसेल का? (शेतकरी, शिरूर)

कोळपं दिसणार नाही. कोळपल्यामुळे भेगा बुजल्या की मातीतून उडणारं पाणी घटतं आणि वरचा भुसभुशीत थर तापतो. उष्णता मोजणाऱ्या उपग्रहाला निदान हा ताप जाणवू शकतो. हवेच्या दमटपणावरून मातीतल्या ओलीचा अंदाज बांधणाऱ्या मोडिसच्या पाण्याच्या गणिताला कोळपलेलं आणि न कोळपलेलं रान सारखंच. ‘अर्धं’ हा शब्द मात्र म्हणीतला समजा, मोजमापातला नव्हे.