‘वाडवडिलांचा संप्रदाय’: चांगला की वाईट?

मोर्शी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं घर प्रोटेस्टंट, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतलं. सून आली ती कॅथलिक घरातून. घरच्या प्रार्थनेत बायबलमधल्या मत्तयाच्या येशूचरित्राचा पंधरावा अध्याय वाचला गेला. त्यात येशू परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, ‘वाडवडिलांच्या संप्रदाया’वरून खडसावतो. सून म्हणाली, “आई, आमचे फादर तं परंपरा पवित्र हाय म्हंतात. मंग शास्त्रात तिले वाईट काऊन म्हटलं?” ताईंना आणखी एक शंका आहे. गावात माळकऱ्यांना आदरानं ‘संप्रदायी माणूस’ म्हणतात, मग हा शब्द बायबलमध्ये दोषाचा कसा झाला?

ताई, मूळ शब्दात दोष नाही. संप्रदाय म्हणजे सम् + प्र + दा, नीट हाती देणं, सोपवणं. गुरूनं शिष्याला दिलं, त्यानं पुढच्याला दिलं, ते देणं म्हणजे संप्रदाय. अमरकोशात ‘आम्नाय’ आणि ‘संप्रदाय’ एकमेकांचे अर्थ म्हणून दिले आहेत. ते देणं जपणाऱ्या माणसांच्या समूहालाही संप्रदाय म्हणणं पुढे रूढ झालं, आणि आज आपल्या कानाला तेवढाच अर्थ ऐकू येतो. ‘सांप्रदायिक भजन’ म्हटलं की आपल्याला वारकरी चाल आठवते. नागपूरकडच्या हिंदी वर्तमानपत्रात तोच शब्द दंग्याच्या बातमीत असतो. या घसरणीचा दोष शास्त्राच्या भाषांतरकारांवर टाकू नये. त्यांनी निवडलेला शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण मूळ ग्रीक शब्द ‘पॅराडोसिस’ आहे आणि त्याच्या पोटातही ‘देणे’ हाच धातू आहे. ग्रीकमधला ‘दो’ आणि आपला ‘दा’ सख्खे भाऊ आहेत.

आता सूनबाईंचा प्रश्न. हाच पॅराडोसिस नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, निंदेतही येतो आणि स्तुतीतही. मत्तय 15 आणि मार्क 7 मध्ये येशूची तक्रार एका ठरावीक गोष्टीवर आहे. आईबापाला द्यायचा पैसा ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेला म्हणून जाहीर केला की तो त्यांना द्यायला नको, अशी सोय रीतीनं करून दिली होती. आईबापाचा मान राख ही देवाची आज्ञा त्या रीतीनं मोडली. उलट प्रेषित पौल थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या मंडळीला लिहितो, की आम्ही तोंडी किंवा पत्रानं जे सोपवलं ते घट्ट धरा. तिथंही शब्द तोच, पॅराडोसिस. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनात तर याचं क्रियापद दोनदा येतं: जे मला मिळालं ते मी तुमच्या हाती दिलं, आणि ज्या रात्री येशूला शत्रूच्या हाती दिलं गेलं. मराठी भाषांतरात तिथं दोन वेगळी क्रियापदं येतात, त्यामुळे हा दुवा दिसत नाही.

‘तोंडी किंवा पत्रानं’ या शब्दांवर कॅथलिकांचा भर आहे. ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मपरिषदेनं 8 एप्रिल 1546 रोजी ठरवलं, की लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून, म्हणजे येशूनं पाठवलेल्या पहिल्या शिष्यांपासून, हातोहात आलेल्या अलिखित परंपरा दोन्ही सारख्याच आदरानं स्वीकारायच्या. त्याआधी 1521 मध्ये वर्म्स इथं, सम्राटाच्या सभेपुढे, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनं सांगितलं होतं, की शास्त्रानं किंवा स्पष्ट युक्तिवादानं पटवून दिल्याशिवाय मी माघार घेणार नाही. पोप आणि परिषदा चुकल्या आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं आणि प्रोटेस्टंट बायबलात 66, हा फरकही इथलाच. शास्त्रात कोणती पुस्तकं धरायची याची यादी शास्त्रात नाही, मग ती ठरवली कोणी? कॅथलिक म्हणतात, चर्चच्या परंपरेनं. प्रोटेस्टंट म्हणतात, चर्चनं ती फक्त ओळखली. अधिकार पुस्तकांचा स्वतःचाच.

म्हणून मला वाटतं, या वादाचा खरा मराठी शब्द ‘प्रमाण’ आहे. पूर्वजांकडून आलेलं दोघंही जपतात. ल्यूथरनं बालकांचा बाप्तिस्मा ठेवला, जुने विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धा कबूल करण्याची ठरलेली वचनं, तीही ठेवली. प्रश्न एवढाच, की मतभेद झाला तर शेवटचं प्रमाण कोण. तुमच्या चर्चचंच बघा. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात ते स्थापन झालं, तेव्हा लेकरांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त जाणत्यांना देणारे असे दोन्ही एकत्र आले. शास्त्र एकच, वाचन दोन. दोन्ही रीती मान्य करून ते एक झाले. कॅथलिक चर्चमध्ये अशा वेळी पोप आणि बिशपांचा शिकवण्याचा अधिकार निर्णय देतो; मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 मध्ये स्पष्ट लिहिलं, की हा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे.

प्रमाणाची ही उतरंड तुमच्या तालुक्याला नवी नाही. महानुभाव पंथाचं तीर्थ रिद्धपूर तुमच्याच तालुक्यात आहे. महानुभावांनी श्रुती, स्मृती आणि वृद्धाचार असा क्रम लावला: पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी यांचं वचन, मग त्यांच्यानंतरचे आचार्य नागदेवाचार्य यांचं, मग थोर शिष्यांचं वागणं. स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. म्हाइंभटांनी आठवणी ज्याच्या त्याच्याकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. म्हणजे आधी तोंडी, मग लेखी. आणि मार्क 7 मधल्या ग्रीक शब्दांचा अर्थ ‘वडीलधाऱ्यांनी सोपवलेलं’ असा आहे, त्याच्या सगळ्यात जवळचा मराठी शब्द मला ‘वृद्धाचार’ हाच दिसतो. महानुभावांत त्याला मान आहे, पण पायरी तिसरी.

कॅथलिक परंपरेला ‘रूढी’ मात्र म्हणू नका. त्यांच्यातही हा भेद आहे. धर्मगुरूंनी लग्न न करणं हा शिस्तीचा नियम आहे, तो बदलू शकतो. पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये, म्हणजे पोपला मानणाऱ्या पण पूर्वेकडच्या रीतीनं चालणाऱ्या चर्चमध्ये, विवाहित धर्मगुरू आहेत. प्रेषितांकडून आलेली शिकवण त्यांच्या मते बदलत नाही. तिला ‘प्रेषितीय परंपरा’ म्हणा. घरी मत्तय 15 वाचताना ‘संप्रदाय’ तसाच वाचा, आणि लगेच ‘म्हणजे वडिलांकडून चालत आलेली रीत’ एवढं सांगा. सूनबाईंना त्याच बैठकीत थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय, पंधरावं वचन, वाचायला द्या.