बेळगावहून घाटरस्त्यांवरील फलक पाहण्यासाठी कोणता मार्ग निवडावा?

रस्ते आणि त्यांवरील फलक यांची आवड असलेल्या माणसाने बेळगावात मुक्काम असताना डोंगराळ भागातून एका दिवसाचा मोटारप्रवास कोणत्या मार्गाने करावा आणि वाटेत काय पाहावे, असे आपण विचारले आहे. मी बेळगावचा रहिवासी आहे आणि मला हीच आवड असल्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

माझ्या मते आपण बेळगावहून पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी या मार्गाने चोर्ला घाट उतरावा, केरी आणि साखळीवरून डिचोलीमार्गे दोडामार्ग गाठावे, तेथून तिलारीचा घाट चढून चंदगड तालुक्यात यावे आणि शिनोळीवरून पुन्हा बेळगावात परतावे. या एका फेरीत कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशी तीन राज्ये लागतात. पुणे-बेंगळूर महामार्गावर निपाणीजवळचा तवंदी घाट आहे, पण तो रुंद आणि वेगाचा रस्ता असून त्यावरचे फलकही वेगात वाचण्यासाठी केलेले आहेत. फलकांचा बारकाईने अभ्यास करायचा असेल, तर अरुंद दुपदरी घाटरस्ता अधिक काही शिकवतो.

बेळगावातून निघण्यापूर्वी मार्गांच्या क्रमांकांकडे एकदा लक्ष द्यावे. आमच्याकडची जुनी मंडळी पुणे-बेंगळूर महामार्गाला अजूनही ‘एनएच फोर’ (राष्ट्रीय महामार्ग ४) म्हणतात, परंतु २०१० साली राष्ट्रीय महामार्गांची फेररचना झाली तेव्हा हा रस्ता ४८ क्रमांकाचा झाला, आणि बेळगावहून खानापूर, लोंढा, अनमोडमार्गे पणजीकडे जाणारा जुना ४-अ हा ७४८ झाला. तीन अंकी क्रमांकातील शेवटचे दोन अंक मूळ महामार्गाचे असतात, म्हणून ७४८ हा ४८ चा फाटा आहे, हे नुसता फलक पाहून ओळखता येते. मैलाच्या दगडांचेही तसेच आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य मार्गाचा हिरवा, आणि ग्रामीण रस्त्याचा नारिंगी असतो. हे रंग ध्यानात ठेवले की, कोणता रस्ता कोठे संपला आणि कोठे दुसरा सुरू झाला, हे नकाशा न उघडता समजते.

जांबोटी सोडल्यावर शेती मागे पडते आणि जंगल रस्त्याला भिडते. हा खानापूर तालुक्याचा भाग असून भीमगड अभयारण्य याच परिसरात आहे, त्यामुळे वन्यप्राण्यांविषयीचे इशारे येथे मनावर घ्यावेत, विशेषतः सकाळी लवकर आणि संध्याकाळी. पुढे कणकुंबी येते. मलप्रभा नदीचा उगम येथेच आहे आणि ती पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते, तर याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेकडे उतरून गोव्यात मांडवी होते. म्हणजे आपली गाडी येथे दोन समुद्रांकडे जाणाऱ्या पाण्यांमधली रेषा ओलांडत असते. गावाची हद्द, तालुक्याची हद्द, राज्याची हद्द सांगणारे फलक आपल्याकडे सर्वत्र लावतात. या जलविभाजकाचा फलक त्या सर्वांहून मोठा असावा, असे मला मनापासून वाटते.

कणकुंबीनंतर घाट सुरू होतो, आणि येथपासून फलक सुटे न वाचता क्रमाने वाचावेत. प्रथम लाल किनारीचा त्रिकोण येतो. त्यात तीव्र उतार, उलटे वळण किंवा दरड कोसळण्याचा धोका चित्राने दाखवलेला असतो. त्यानंतर पिवळ्या पाटीवरचे काळे बाण वळणाच्या बाहेरच्या कडेला ओळीने उभे दिसतात. त्रिकोण सांगतो की पुढे वळण आहे, आणि बाणांची ओळ सांगते की ते वळण किती आखूड आहे. बाण एकमेकांना चिकटून दिसू लागले, तर वेग आणखी कमी करणे आवश्यक आहे. निळ्या वर्तुळातील भोंगा ही सूचना नसून आज्ञा आहे, कारण वर्तुळाकार फलक पाळणे बंधनकारक असते. ही त्रिकोणी आणि वर्तुळाकार चिन्हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या परिशिष्टात दिलेली असल्यामुळे तिन्ही राज्यांत त्यांचा आकार तोच राहतो. अक्षरे मात्र बदलत जातात. सकाळी कन्नड आणि इंग्रजी, दुपारी गोव्यात रोमन आणि देवनागरी, आणि दोडामार्गनंतर ‘पुढे धोकादायक वळण आहे’, ‘वाहने सावकाश चालवा’ अशी आपली मराठी. कन्नड वाचता न येणाऱ्या पाहुण्यालाही ‘निधानवागि चलिसि’ (सावकाश चालवा) या ओळीवरचा त्रिकोण पुरेसा असतो, हे मी माझ्या गाडीत बसलेल्या पाहुण्यांच्या बाबतीत अनेकदा पाहिले आहे.

फलक किती अंतरावर उभा आहे, हेही तपासून पाहावे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९७७ च्या संहितेत राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर इशाऱ्याचा फलक धोक्याच्या आधी सपाट प्रदेशात १२० मीटर आणि डोंगरात ६० मीटर असावा, असे म्हटले होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ६० मीटर अंतर सुमारे साडेपाच सेकंदांत कापते. एवढ्या वेळात चालकाने फलक पाहायचा, समजून घ्यायचा, गिअर खाली घ्यायचा आणि वळण पकडायचे असते. म्हणून वेलींनी झाकलेला किंवा शेवाळाने हिरवा पडलेला फलक ही मला किरकोळ बाब वाटत नाही. सह्याद्रीच्या या माथ्यावर पाऊस एवढा पडतो की, पावसाळा संपताच फलक धुणे आणि त्यांच्यासमोरची झुडपे छाटणे हे खड्डे बुजवण्याइतकेच महत्त्वाचे काम मानले पाहिजे.

धुक्यात तर चालकाला फलकांचाच आधार असतो. फलकावरील परावर्तक थर दिव्याचा प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतो, म्हणून तो चालकाला उजळ दिसतो. परंतु धुक्यात मोठा दिवा लावला, तर पाण्याच्या सूक्ष्म थेंबांवरून प्रकाश परतून समोर पांढरा पडदा उभा राहतो आणि फलक त्यात बुडतो. दिवा खाली ठेवावा, डाव्या कडेची पांढरी रेषा धरून चालावे, आणि मधली रेषा अखंड असेल तेथे समोरचे वाहन कितीही सावकाश चालले तरी त्याच्या मागेच राहावे.

घाट उतरल्यावर केरीजवळ अंजुणे धरणाचा परिसर लागतो. साखळी, डिचोली आणि दोडामार्ग हा मधला टप्पा सोपा आहे. त्यावर फार वेळ घालवू नये, कारण तिलारीचा घाट उजेडात चढणे महत्त्वाचे आहे. तेथील चढ अतिशय खडा आणि वळणे आखूड आहेत, म्हणूनच मी ही फेरी तिलारी चढून येण्याच्या दिशेने सुचवली आहे. उतरताना ब्रेक तापण्याची जी भीती असते, ती चढताना राहत नाही. शिवाय २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते. समोरचा चालक हा नियम जाणतोच असे गृहीत धरू नये. वळणाआधी भोंगा वाजवावा आणि पहिल्या गिअरची लाज बाळगू नये.

शक्य असल्यास ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरमध्ये यावे. तेव्हा हवा स्वच्छ असते आणि हिरवळही टिकून असते. पावसाळ्यात येणार असाल, तर घाट वाहतुकीस खुले आहेत याची आदल्या दिवशी चौकशी करावी. छायाचित्रे शेजारी बसलेल्याने काढावीत आणि गाडी फक्त रुंद, सरळ जागी थांबवावी, वळणावर कधीही नाही. शिनोळी आणि बाची यांच्यामध्ये राज्याची हद्द ओलांडली की देवनागरी फलकांची जागा पुन्हा कन्नड फलक घेतात, आणि तेथून सुळगा, हिंडलगामार्गे आपण बेळगावात पोहोचाल.