ओढीचे स्वर

तुम्ही विचारलंय: "माझे वडील गेल्या महिन्यात गेले. 22 वर्षं सैन्यात होते, नंतर हौसेनं वाद्य वाजवायचे. त्यांच्याविषयी लिहायला बसले, पण भरतीची तारीख, पदं, पदकं, निवृत्ती यापुढे काही सुचत नाही. सुरुवात कुठून करू?"

माझे बाबा जाऊन तीन वर्षं झाली. तेही सैन्यातलेच, सिग्नलमध्ये म्हणजे संदेशवहनात, आणि खिशात कायम माऊथ ऑर्गन. तुम्ही जिथं अडलात तिथंच मी अडले होते. माझ्या वहीचं पहिलं पान म्हणजे त्यांच्या सेवापुस्तिकेची नक्कल होती. सगळं खरं होतं, पण त्यात बाबा कुठेच नव्हते.

वही पुढे गेली ती त्यांच्या वाजवण्यातल्या एका चुकीमुळे.

साध्या माऊथ ऑर्गनला 10 भोकं असतात आणि 20 रीड, म्हणजे हवेनं कंप पावून वाजणाऱ्या पातळ पट्ट्या. प्रत्येक भोकात दोन रीड, एक फुंकल्यावर वाजते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. मधल्या सप्तकात सा, ग, प फुंकून येतात. रे, म, ध, नी ओढून. सहाव्या भोकापर्यंत आधी फुंकायचं मग ओढायचं असं चालतं आणि सातव्यावर ते उलटतं. तिथं आधी ओढून नी, मग फुंकून वरचा सा. नवशिका तिथं हमखास अडखळतो. मी अडखळले की बाबा माझ्या पाठीवर तळवा ठेवायचे आणि श्वास आत घ्यायची वेळ आली की हलकेच दाबायचे. फुंकून येणाऱ्या स्वरांना त्यांच्याकडे काही खास नाव नव्हतं. ओढून येणाऱ्यांना मात्र ते 'ओढीचे स्वर' म्हणायचे.

हे ओढीचे स्वर ते लांबवायचे. ताल सोडून. गाणं कुठलंही असो, मध्यमावर, म्हणजे 'म'वर, आले की जरा जास्त रेंगाळणारच. आई सोबत गुणगुणत असली की पुढच्या शब्दाला ती एकटीच पोचायची, मग थांबून त्यांची वाट बघायची. लहानपणी मला वाटायचं, बाबांना ताल कळत नाही.

पण ज्या माणसाचं आयुष्य मोर्सच्या बटणावर गेलं त्याला ताल कळत नाही, हे कसं शक्य आहे? मोर्स म्हणजे टिंब-रेघांनी अक्षरं पाठवायची संदेशलिपी, सगळा कालमापनाचा खेळ. टिंबाच्या तिप्पट लांब रेघ. एका अक्षराच्या आतली फट एका टिंबाएवढी, दोन अक्षरांमधली तीन टिंबांची, दोन शब्दांमधली सात टिंबांची. वेग मोजायला 'पॅरिस' हा इंग्रजी शब्द धरतात, कारण पुढच्या फटीसकट तो बरोबर 50 टिंबांएवढा भरतो. मिनिटाला 12 शब्दांचा वेग म्हणजे एक टिंब सेकंदाचा दहावा भाग. बाबांचा वेग याहून बराच जास्त होता. टिंब-रेघा ते डोळ्यांपुढे आणत नसत. कानानं शिकलेल्याला अक्षर सबंध ऐकू येतं, गाण्यातल्या हरकतीसारखं.

याचा उलगडा झाला तो एका फोनमुळे. बाबांचे एक जुने सोबती, ज्यांच्याशी कित्येक वर्षं बोलणंच झालं नव्हतं, त्यांचा कुठून तरी नंबर मिळाला. काकांना आता नीट ऐकू येत नव्हतं. "कोण? कोण बोलतंय?" असं चार-पाचदा झालं. मग बाबांनी खिशातून माऊथ ऑर्गन काढला, फोनजवळ धरला आणि एकाच भोकावर लांब-आखूड वाजवायला सुरुवात केली. तीन अक्षरंही झाली नसतील, तिकडून काका इतक्या मोठ्यानं ओरडले की मला खोलीच्या दारात ऐकू आलं. "अरे, हा तर तुझा हात!"

हात. सिग्नलची माणसं हाच शब्द वापरतात, हे मला त्या दिवशी कळलं. नियम सगळ्यांना एकच, पण बटणावर प्रत्येकाचा हात निराळा पडतो. कोणाची टिंबं तुटक, कोणाच्या फटी अंमळ मोठ्या. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं बिनतारी बोलणं ऐकणारी माणसं संदेशाचा अर्थ न लागताही, पाठवणारा कोण हे अशा हातावरून ओळखायची. म्हणजे तो जिथून बोलतोय तिथं त्याची तुकडी असणार. काकांनी मग मला सांगितलं, "तुझ्या बाबांची रेघ तिपटीपेक्षा नेहमी थोडी लांब. अधिकारी रागवायचे. आम्हाला मात्र रात्री तीन वाजता हेडफोनच्या खरखरीत ती लांब रेघ आली की बरं वाटायचं. तो आहे, जागा आहे."

म्हणजे आई ज्या मध्यमापाशी थांबून वाट बघायची, तो तोच हात होता. बटणावरचा हात श्वासात उतरला होता.

म्हणून माझं म्हणणं असं की, पदांची यादी मागे कुठेतरी परिशिष्टात ठेवा आणि तुमचे वडील वाद्य वाजवताना कुठे चुकायचे ते आधी लिहा. कुठे घाई करायचे, कोणतं कडवं गाळायचे, कोण आल्यावर वाजवणं थांबवायचे. बरोबर वाजवलेलं कोणीही वाजवू शकतं. हे लिहिताना त्यांचा अपमान होतोय असं मुळीच वाटू देऊ नका. मला सुरुवातीला तसं वाटलं आणि त्यात वर्ष गेलं.

त्यांच्या सोबत्यांना लगेच गाठा. ही एक गोष्ट अजिबात पुढे ढकलू नका. लढाईबद्दल विचारू नका, निदान आधी तरी नको. बाबा त्याबद्दल मला कधीच काही बोलले नाहीत आणि मीही त्यांचं मौन उकरायला कोणाकडे गेले नाही. रात्रपाळीला शेजारी कोण बसायचं, फावल्या वेळात हे काय वाजवायचे, कोण फर्माईश करायचं, एवढं विचारा. काका एवढ्याच प्रश्नांवर दोन तास बोलले. सहा महिन्यांनी तेही गेले.

वाद्य दुरुस्त करायची घाई नको. बाबांच्या माऊथ ऑर्गनच्या पाचव्या भोकातली ओढीची रीड, म्हणजे तोच मध्यम, उतरली आहे. पितळेची पातळ पट्टी ती, वर्षानुवर्षं कंप पावून थकते, तिचा सूर खाली येतो. दुरुस्त करणारा म्हणाला, नवी बसवून देतो. मी वाद्य परत घेऊन आले. शेजारच्या रीड ठीक आहेत, हीच थकली, कारण बाबा हिच्यावरच जास्त राहिले.

तुमच्याकडे त्यांच्या वाजवण्याचं ध्वनिमुद्रण असेल तर मूळ फाइल आधी दोन ठिकाणी ठेवा. चॅटवरून नातेवाइकांना गेलेली प्रत बहुतेक वेळा आकसलेली असते. कोणी 'आवाज स्वच्छ करून देतो' म्हणालं तरी मूळ फाइलला हात लावू देऊ नका. असली सॉफ्टवेअरं श्वासाला खरखर समजून पुसून टाकतात. शेवटच्या दोन वर्षांत बाबांना धाप लागायची, ती माझ्याकडच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या आधी ऐकू येते. मला ती हवी आहे. आणि पुढचं-मागचं काही कापू नका, गाणं सुरू होण्याआधीची खुर्चीची करकर, संपल्यानंतरची शांतता, सगळं राहू द्या. का, ते सांगते.

प्रत्येक गाणं संपलं की बाबा एकाच भोकावर तीन स्वर वाजवायचे. लांब, आखूड, लांब. लहानपणापासून मी ते गाण्याचंच शेपूट धरून चालले होते, स्वतः वाजवतानाही शेवटी लावायचे. त्या फोननंतर काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, ते 'के' अक्षर. आपलं पाठवून झालं, आता तू पाठव, मी ऐकतोय, असा त्याचा अर्थ." एवढी वर्षं प्रत्येक गाण्यानंतर ते आम्हाला हेच सांगत होते आणि मग माऊथ ऑर्गन मांडीवर ठेवून थोडा वेळ गप्प बसायचे.

माझ्याकडचं शेवटचं ध्वनिमुद्रण चार मिनिटांचं आहे. मध्यम नेहमीसारखा लांबतो, मध्ये दोनदा धाप लागते, शेवटी लांब, आखूड, लांब. मग शांतता. मग माझा आवाज येतो, "बाबा, गोळी घेतली का?" आणि ते म्हणतात, "घेतली गं."