डेक्साचा आकडा बरा आला म्हणून निवांत राहू नका

प्रश्न : डॉक्टर, माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे. दीड-दोन वर्षं वजन वाढत होतं, चेहरा गोल झाला, पोटावर जांभळट रेघा आल्या, बीपी आणि शुगर दोन्ही. शेवटी कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार) निघालं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत छोटी गाठ होती, दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. त्याआधी एकदा नुसतं खोकताना तिची बरगडी क्रॅक झाली होती. आता डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केला तर मणक्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना) उणे १.९, रिपोर्टवर ‘ऑस्टिओपेनिया’ (हाडं विरळ, पण ऑस्टिओपोरोसिसइतकी ठिसूळ नाहीत) लिहिलंय. घरचे म्हणतात ऑस्टिओपोरोसिस नाही ना मग झालं. खरंच काही करायला नको का?

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण कुशिंगच्या पेशंटमध्ये नेमकं इथेच सगळे फसतात. डेक्सा हाडात कॅल्शियम किती भरलंय ते मोजतो, हाड आतून कसं विणलंय ते त्यात नीट कळत नाही. हाड म्हणजे एकदा बांधून सोडलेली भिंत नव्हे, जुनं काढायचं नवं भरायचं हे काम आयुष्यभर चालू असतं आणि जास्तीचं कॉर्टिसोल भरणाऱ्या गवंड्यांनाच घरी बसवतं, तोडणारे मात्र कामावर असतातच. शिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं, पाळीची हार्मोन्स दबतात. त्यामुळे ज्या आकड्याला इतरांचं हाड टिकतं त्याच आकड्याला या पेशंटचं मोडतं. खोकल्याने बरगडी मोडणं हेच तुमच्या बहिणीच्या हाडांचं सगळ्यात खरं माप आहे, माझ्या दृष्टीने ते त्या उणे १.९ पेक्षा कितीतरी मोठं.

आणखी एक, ३४ व्या वर्षी, पाळी चालू असण्याच्या वयात टी-स्कोअर बघायचाच नसतो, झेड-स्कोअर बघायचा, म्हणजे तिच्याच वयाच्या बायकांशी तुलना. तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर वयाच्या मानाने कमी. रिपोर्टमध्ये तो बहुतेक छापलेला असतो, शोधा.

पण आता खरी करायची तपासणी म्हणजे पाठीच्या आणि कमरेच्या मणक्यांचा बाजूने काढलेला एक्स-रे. कॉर्टिसोल आधी जाळीदार हाड खातं आणि मणके मुख्यतः अशाच जाळीदार हाडाचे असतात, दबलेला मणका कित्येकदा दुखतही नाही, पेशंटला वाटतं पाठ जरा भरून आली असेल. मणक्याची उंची साधारण २० टक्के किंवा जास्त कमी झालेली दिसली तर ते फ्रॅक्चरच धरतात. १९३२ साली हार्वे कुशिंग यांनी या आजाराची वर्णनं लिहिली त्यातही पाठीला बाक आलेले पेशंट आहेत, म्हणजे ही गोष्ट नवीन नाही, आपण विचारायला विसरतो एवढंच. तिची उंचीही मोजा, आधीपेक्षा कमी भरली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही सेंटरमध्ये डेक्साच्याच चित्रावरून टीबीएस नावाचा आकडा काढून देतात, त्याने आतल्या विणीचा अंदाज येतो, मिळत असेल तर घ्या.

सोबत रक्तातलं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) बघा. मूतखडा कधी झाला असेल तर कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. खुब्यात किंवा जांघेत दुखत असेल तर ते वेगळं सांगा, तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडलेला असू शकतो आणि त्याला एमआरआय लागतो.

चांगली बातमी अशी की कॉर्टिसोल नॉर्मल झालं की गवंडी कामावर परततात, मणक्याची घनता पुढची काही वर्षं हळूहळू भरते. मणका दबलेला निघाला तर हाडाच्या औषधाचा विचार करावा लागेल, तेव्हा पुढे मूल हवंय का हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा कारण काही औषधं हाडात वर्षानुवर्षं राहतात. ऑपरेशननंतरची हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलच्या जागी दिलेली गोळी) लिहून दिलीय तेवढीच, कमी नाही जास्त नाही.

प्रश्न : आई ६२ वर्षांची, गुडघ्यासाठी ओळखीच्या माणसाकडून २ वर्षं पुड्या घेते. गुडघेदुखी थांबली पण चेहरा सुजला, हातावर निळे डाग येतात. हाडांची टेस्ट करावी का?

उत्तर : करावीच, पण आधी ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड (कॉर्टिसोलसारखंच काम करणारं औषध) मिसळलेलं सापडतं आणि तुम्ही सांगताय ती लक्षणं तशीच आहेत. एकदम बंद मात्र करू नका, शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल झोपलेलं असतं, अचानक थांबवलं तर बीपी पडून जिवावर बेतू शकतं. डॉक्टर सकाळचं कॉर्टिसोल बघून हळूहळू उतरवतील. हाडांसाठी डेक्सा आणि मणक्याचा एक्स-रे दोन्ही. फ्रॅक्स या कॅल्क्युलेटरवर हाड मोडण्याचा धोका काढतात, त्याच्या साध्या रूपात स्टेरॉईडला फक्त हो किंवा नाही एवढंच आहे, डोस विचारत नाही, आणि पुडीतला डोस तर कुणालाच माहीत नाही, म्हणून आलेला आकडा कमीच समजा. आईंना हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का तेही बघा, मांड्या कमजोर झाल्या असतील तर आधी बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, आजच.