‘एलियन’ मालिका पहिल्यांदाच बघताय?

कथेचा कालक्रम सोडा, चित्रपट ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने बघा. ‘प्रोमिथिअस’ (२०१२) आणि ‘कव्हनंट’ (२०१७) कथेत आधी घडतात खरे, पण तिथून सुरुवात केलीत तर १९७९च्या पहिल्या भागातलं गूढ आधीच फुटतं. हा भाग संथ आहे. मालवाहू यानातले सात कर्मचारी बराच वेळ नुसते जेवतात, बोनसवरून कुरकुरतात. कंटाळून मोबाइल उचलू नका. दिग्दर्शक रिडली स्कॉट भीती तिथेच पेरतो. रात्री, दिवे मालवून बघा.

१९८६चा दुसरा भाग जेम्स कॅमेरॉनचा, जवळपास युद्धपटच. त्याची सुमारे १७ मिनिटं लांब आवृत्तीही मिळते. तिच्यात नायिका रिप्लीचं दुःख नीट कळतं, पण अंतराळातल्या माणसांच्या वसाहतीत काय झालं याचा सुगावा फार लवकर लागतो. म्हणून आधी थिएटरातलीच बघा, लांबडी नंतर.

तिसऱ्याआधी (१९९२) चार दिवस जाऊ द्या, नाहीतर सुरुवातीलाच चिडाल. चौथा राहिला तरी माझ्या मते काही बिघडत नाही. ‘रोम्युलस’ (२०२४) पहिल्या-दुसऱ्याच्या मधे घडतो, तरी तोही शेवटीच.

आणि हो, पहिला भाग बघताना जेवणाचं ताट समोर नको.