वही कपाटात कशासाठी?

यावल तालुक्यातील एका वडिलांनी लिहिले आहे की, मुलगी यंदा बारावी झाली, ‘नीट’मध्ये भौतिकशास्त्रात चांगले पण जीवशास्त्रात फार कमी गुण मिळाले, आणि आता वर्षभर तिला लातूरला ठेवायचे आहे. तिला खगोलभौतिकी शिकायची आहे. क्वेझारच्या आकृत्या काढलेली तिची वही त्यांनी कपाटात बंद केली आहे.

सप्रेम नमस्कार,

लातूरचा कोणता क्लास चांगला, एवढेच आपण विचारले आहे. त्याचे उत्तर मी देणार नाही, कारण आपल्या चार पानी पत्रात मुलीचे म्हणणे एकाच ओळीत आले आहे, आणि तेही ‘नको ते वाचत बसते’ या शब्दांत. केळीच्या बागेवर कर्ज काढून फी भरणार आहोत हे आपण तिला रोज ऐकवता, असेही आपणच लिहिले आहे. मला तिच्या गुणांपेक्षा याची अधिक काळजी वाटते. ज्या विषयात तिचे मन नाही, त्यातले गुण कर्जाच्या धाकाने वाढत नाहीत; मुलगी मात्र घरात बोलेनाशी होते.

‘ज्यांना एका ताऱ्याचे तेज पन्नास पट चुकीचे दिसते, त्यांच्या शास्त्रात काय ठेवले आहे?’ असे आपण विचारता. आपण ज्याविषयी वाचले तो तारा नसून जे०४३९+१६३४ हा क्वेझार आहे, म्हणजे महाकाय कृष्णविवराभोवती तापलेल्या वायूमुळे झळाळणारे एका अतिदूरच्या दीर्घिकेचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या प्रचंड तारकासमूहाचे, केंद्र. त्याचे तेज ६०० लाख कोटी सूर्यांइतके भासते. पण वाटेत आलेल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचे किरण वाकतात आणि एरवी दुसरीकडे गेला असता असा प्रकाशही आपल्याकडे येतो. गुरुत्वाकर्षण नवा प्रकाश निर्माण करत नाही. प्रतिमेचा आकार वाढतो, म्हणून एकूण प्रकाश जास्त मिळतो. ही वाढ सुमारे ५० पट आहे, आणि तिने भागले की खरे तेज ११ लाख कोटी सूर्यांच्या आसपास उरते, हे २०१९ मध्ये याच शास्त्रज्ञांनी हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून सांगितले. आपण ज्याला चूक म्हणता, ती त्यांनी शोधून काढलेली गोष्ट आहे. वहीत शेजारी शेजारी दोन ठिपके असल्याचे आपण लिहिले आहे. तो बहुधा १९७९ मध्ये सापडलेला जोड क्वेझार असावा. तो प्रत्यक्षात एकच क्वेझार आहे; असेच किरण वाकल्याने त्याचा प्रकाश दोन वेगळ्या वाटांनी येतो आणि त्याच्या दोन प्रतिमा दिसतात. म्हणूनच त्याच्या एका प्रतिमेत दिसलेला चढउतार दुसरीत सुमारे ४१७ दिवसांनी दिसतो. हे समजून घेणाऱ्या मुलीची वही आजच परत करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मार्ग नेहमीचेच आहेत: आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा किंवा नायसरसारख्या संस्थांसाठीची नेस्ट, नाहीतर जळगाव-अमळनेरला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून एम.एस्सी.साठीची जॅम ही प्रवेश परीक्षा. मात्र हा रस्ता लांब आहे, पीएच.डी.पर्यंत तिची पंचविशी सहज उलटेल आणि कायमच्या जागा थोड्या आहेत. हे तिलाही स्पष्ट सांगावे. गणित, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग पक्के असेल तर ती अडून राहणार नाही.

यापुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. गणितातला कोणता भाग तिला अवघड जातो, तेही त्यात कळवावे.